सासऱ्यांची दोन बोटं आणि माझं मानपत्र

माझ्या लग्नात सासऱ्यांनी माझे पाय धुतले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. भर मांडवात. माझ्या एका चुलत्यांना कुठल्याही लग्नात रुसायला एखादं कारण लागायचं. त्यांना ते आयतंच मिळालं. "मांडवात बूट? आमच्यात न्हाई चालत हे," म्हणून ते उभे राहिले. गुरुजींनीही मंत्र थांबवून बुटांकडे पाहिलं. तेव्हा सासूबाई पदर सावरत पुढं आल्या आणि चुलत्यांना हळूच म्हणाल्या, "शुगर हाय हो त्यांना. दोन बोटं काढावी लागली डाव्या पायाची. उघड्या पायाला काही लागलं तर पंचाईत."

शुगर म्हटल्यावर चुलते खाली बसले. त्या काळी आमच्याकडं शुगर हा साहेब लोकांचा आजार होता. बीपी आणि शुगर ज्या घरात, त्या घरात सोफासेटही असायचा. मीही मनातून खूश झालो. सासरा शुगरवाला म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी असणार, असा माझा हिशेब. सोफासेट काही निघाला नाही, पण शुगर मात्र आमच्या नात्यात कायमची राहिली. मी उदगीरला गेलो की सासऱ्यांना बिनसाखरेचा चहा आणि मला जावई म्हणून दोन चमचे जास्त.

सासरे फौजेत होते. गल्लीत त्यांना सगळे फौजीच म्हणतात, त्यांची मुलं आप्पा म्हणतात, मी मामा म्हणतो. फौजेतून आल्यावर त्यांनी उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका अडत्याकडं राखणदारी केली, तीन मुलींची आणि एका मुलाची लग्नं केली. फौजेबद्दल विचारलं तर "होतो तिकडं" एवढंच बोलायचे.

आणि मी? मी नांदेडात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण माझी खरी ओळख वेगळी आहे. मी मानपत्रं लिहितो. आमच्या भागात माणूस निवृत्त झाला, निवडून आला, पडला, हज करून आला, किंवा नुसता साठ वर्षांचा झाला तरी त्याचा सत्कार होतो; आणि शाल-श्रीफळाबरोबर फ्रेम केलेलं मानपत्र लागतं. ते माझ्याकडून. उमरीपासून निलंग्यापर्यंत कितीतरी दिवाणखान्यांत माझी वाक्यं खिळ्याला टांगलेली आहेत. 'आपल्या कर्तृत्वाचा दीपस्तंभ' हा शब्दप्रयोग मी एका मुख्याध्यापकासाठी शोधला आणि नंतर एका ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना वापरला. बायको बँकेत कर्ज विभागात आहे. ती म्हणते, "तुझ्या मानपत्रातलं नाव झाकलं तर माणूस आहे का ट्रॅक्टर, कळत नाही." मी ती स्तुती समजतो.

तर धाकट्या मेहुणीचं लग्न होऊन वर्ष झालं असेल. एका दुपारी मामा न सांगता एसटीनं नांदेडला आले. बायको बँकेत, घरात मी एकटा. पाणी प्यायले, बूट तसेच ठेवून सोफ्यावर बसले. (सोफा शेवटी आम्हीच घेतला.)

"जावईबापू," म्हणाले, "तुमाला लग्नात शुगर सांगितली होती."

"हो मामा."

"शुगर नव्हती."

इतक्या वर्षांच्या संसारानंतर सासरा असं म्हणाला तर जावयानं काय म्हणायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच ते सलग बोलताना मी पाहिलं. ते फौजेत बंदूकवाले नव्हते, खेचरवाले होते. उंच पहाडात, जिथं गाडी जात नाही तिथं, खेचरांच्या पाठीवर रॉकेल, पीठ, बटाटे चढवून वरच्या चौक्यांवर न्यायचे. एका हिवाळ्यात वाट बंद झाली, खेचर घसरलं, ते सोडवताना बूट भिजला आणि रात्रभर भिजलेलाच राहिला. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. इस्पितळात काढली. बरे झाल्यावर दुसऱ्या तुकडीत खाली पाठवलं, काही वर्षांनी घरी. एवढ्या उंचावर राहिलेल्यांना जे पदक मिळतं, ते पहिल्या तुकडीतल्या सगळ्यांना मिळालं. हे तेव्हा इस्पितळात. यांच्या सेवापुस्तकात त्याची नोंदच नाही.

"मग शुगर?"

"शुगर तुमच्या सासूनं काढली," मामा म्हणाले. "पोरी लग्नाच्या. बापाच्या पायाला बोटं न्हाईत म्हटलं की लोक महारोग म्हणायचे. एक स्थळ चहा न पिता उठून गेलं. बर्फानं गेली सांगितलं तर उदगिरात कोण खरं मानतंय? इथं मे महिन्यात डांबर वितळतंय. मग ती म्हणली, शुगर सांगा. शुगरला कुणी नाव ठेवत न्हाई."

मामा उठले, स्वतःच माठातलं पाणी घेतलं.

"आता सगळ्या पोरी उजवल्या. आता माझी बोटं मला परत पाहिजेत, जावईबापू. मी मेल्यावर ती शुगरच्या नावानं जाऊ नयेत."

अडचण अशी होती की आता कुणी ऐकत नव्हतं. मामांचा दिवस रसवंतीच्या बाकावर जातो. तिथं त्यांच्या शेजारी एक निवृत्त तलाठी बसतात. तलाठी माणूस नोंदीशिवाय काही मानत नाही, आणि हे तर निवृत्त, त्यांच्याकडं वेळही भरपूर. मामांनी एकदा धीर करून बर्फाचं सांगितलं, तर तलाठ्यांनी रसवंतीवाल्याला हाक मारली होती. "अरे, जरा तुझा हात दाखव. हा बघा फौजी, हा सकाळपासून बर्फात हात घालून राहिला. मोजा बोटं. हायत का पाच? बर्फानं बोट जात असतं तर याचा खांदाच ऱ्हायला असता." बाकावरचे सगळे हसले. वर तलाठी रसवंतीवाल्याला म्हणाले, "फौजीला अर्धाच गिलास दे रं. शुगर हाय."

अर्धा ग्लास. मामांना त्याचंच जास्त लागलं होतं, असं मला वाटतं.

म्हणून त्यांना पुस्तकात त्या पदकाची नोंद पाहिजे होती; तेवढ्यानं बर्फात होतो हे तरी ठरणार होतं. "तुमी लिहिता म्हणं," मामा म्हणाले. "एक अर्जी लिहा."

असं म्हणणारा माणूस माझ्यासमोर बसावा, हीच माझी आयुष्यभराची इच्छा. मी त्यांना थांबवून घेतलं, जेवू घातलं, आणि दोन दिवस खपून अर्ज लिहिला. आठ पानी. 'हिमालयाच्या धवल शिखरांनी ज्याच्या पराक्रमाची साक्ष दिली' अशी सुरुवात होती. मधे मृत्यूशी झुंज होती. शौर्य हा शब्द प्रत्येक पानावर होता, काही पानांवर दोनदा. खेचर मी काढून टाकलं. खेचरामुळे लयीला बाधा येत होती. मामांना वाचून दाखवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, पण नंतर त्यांनी विचारलं, "हे कुणाबद्दल हाय?"

मी हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माणसाला स्वतःचा मोठेपणा पटकन ओळखू येत नाही, हा माझा मानपत्राच्या धंद्यातला जुना अनुभव.

मामांना घेऊन लातूरला गेलो. माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या कार्यालयात एका टेबलाशी अर्ज दिला. तिथले गृहस्थ वाचू लागले. दुसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला. चौथ्या पानावर शेजारच्या टेबलाला हाक मारली, "इकडं या, हे ऐका." दोघांनी मिळून पुढचं वाचलं.

"सर," ते मला म्हणाले, "इतकी वर्षं नोकरी झाली, असा अर्ज आला नाही. आजच पुढं पाठवतो."

मी विनयानं मान लववली. त्यांनी आवाज खाली आणला. "आमचे एक साहेब रिटायर होतायत. त्यांचं मानपत्र जमंल का?"

तेही मी लिहून दिलं. तिथल्या तिथं, बाकावर बसून. मामा बाजूला बुटांची नाडी सोडत-बांधत बसले होते.

परत येताना अहमदपूरला चहाला थांबलो, तिथून मी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा उदगीरला कृषी केंद्र चालवतो आणि त्याला फ्लेक्सची फार हौस. कुणाचाही वाढदिवस असो, चौकात कोपऱ्यात यांचाही हात जोडलेला फोटो असतो. मी उत्साहात अर्जाचं पहिलं पान त्याला वाचून दाखवलं. तिथंच चुकलं. आम्ही घरी पोचेपर्यंत नाही, पण आठवड्याच्या आत फ्लेक्स लागला. 'शौर्यपदक विजेते, उदगीरचे भूमिपुत्र'. वर मामांचं डोकं, आधारकार्डावरचं, दचकलेलं. मानेखाली कुणातरी मोठ्या साहेबाची छाती, पदकांनी गच्च भरलेली. मागं रणगाडा, वर विमान, आणि डाव्या कोपऱ्यात, का कुणास ठाऊक, युद्धनौका. मामा एकाच वेळी तिन्ही दलांत गेले होते. शुभेच्छुकांत खताच्या दोन कंपन्या.

मामांनी मला फोन केला. "जावईबापू, ते धड कुणाचं हाय?"

मी मेहुण्याला म्हटलं, उतरव. तो म्हणाला, "दाजी, उतरवलं तर लोक काय म्हणतील?" त्यानं फ्लेक्स नाही उतरवला, पण पाऊस आल्यावर युद्धनौका आपोआप लोंबायला लागली.

अर्जाचं उत्तर आलं ते असं. सोप्या शब्दांत सांगायचं तर: अर्जदारानं आठ पानांत ज्या शौर्याचं वर्णन केलं आहे, त्याची कोणतीही नोंद आढळत नाही. शौर्यपदकासाठी त्या वेळच्या अधिकाऱ्याची शिफारस लागते, ती जोडलेली नाही. सबब अर्ज निकाली.

म्हणजे माझ्या लेखणीनं एवढंच साधलं होतं की सासऱ्यांनी शौर्य केल्याची नोंद नाही, असं आता सरकारी कागदावर आलं. आधी निदान कागद कोरा होता.

हे उत्तर तलाठ्यांपर्यंत कसं पोचलं, माहीत नाही. पण निवृत्त झाला तरी तलाठ्याला कागदाचा वास येतो. रसवंतीवर त्यांनी मामांना सगळ्यांसमोर विचारलं, "काय फौजी, पदक नामंजूर झालं म्हणं. शौर्याची नोंद न्हाई, बर्फाची नोंद न्हाई. मग राहिलं काय? शुगरच की."

मामांनी रसवंतीवर जाणं बंद केलं. सासूबाईंचा बायकोला फोन आला. "दिवसभर घरात बसून राहतेत गं. खाटंवर. बूट घालून."

बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. कर्ज बुडवणाऱ्या खातेदाराकडं ती अशीच बघत असणार. "अर्जाची कॉपी दे," म्हणाली. बँकेचं पेन हातात धरून, उभ्यानं, आठही पानं वाचली.

"यात पदकाचं नाव कुठंय?"

"ओघात येतं. सातव्या पानावर."

"सातव्या पानावर नाहीये."

मी बघितलं. नव्हतं. लयीला बाधा येत असावी.

"आप्पांच्या तुकडीचं नाव? वर कधी गेले, खाली कधी आले? इस्पितळ कोणतं?"

आठ पानांत हिमालय अकरा वेळा होता, मामांची तुकडी एकदाही नव्हती.

रविवारी आम्ही दोघं उदगीरला गेलो. मामा म्हणाले, या खेपेला मी सांगतो, तुम्ही फक्त लिहा. मी मान खाली घालून लिहायला बसलो. आणि मामा जे सुरू झाले! त्यांची गाडी खेचरावरून हलेचना. ते कुठल्या रंगाचं होतं, चढावर कोणत्या पायानं सुरुवात करायचं, बटाट्याचं ओझं असलं की चालायचं आणि रॉकेलचं असलं की बसकण मारायचं, एका सुभेदाराला कसं चावलं. "हुशार लई. तुमच्या मेहुण्यापेक्षा हुशार." चार पानं झाली, खेचर अजून अर्ध्या चढावर. मी मानपत्र लिहिलं होतं मामांचं. मामा मानपत्र सांगत होते खेचराचं. घराण्यातच हा रोग असावा, फक्त रक्ताचं नातं नसताना तो जावयात कसा आला, एवढंच कोडं.

बायकोनं आमच्या दोघांच्या हातातून कागद काढून घेतले. कोऱ्या पानावर तुकडी, काळ, ठिकाण, इस्पितळ, पदकाचं नाव, आणि खाली एकच वाक्य: 'सदर पदकाची नोंद माझ्या सेवापुस्तकात घेण्यात यावी.' अर्ध्या पानात संपलं. मामांनी ते दोनदा वाचलं.

"खेचर?"

"खेचराचा वेगळा अर्ज करू, आप्पा."

मामांनी सही केली. मी एक छोटंसं विशेषण सुचवून बघितलं. दोघांनीही ऐकलं नाही असं केलं.

ते काम मग त्याच्या चालीनं झालं. कागद गेला, एक शंका आली, तिचं उत्तर गेलं, पुन्हा सामसूम, आणि एके दिवशी लातूरहून फोन आला की नोंद झाली, पदकही आलंय, पुस्तक घेऊन या. मामा एकटेच गेले. जावयाला बरोबर नेण्याची जोखीम त्यांनी घेतली नाही. येताना एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला त्यांनी पुस्तकातली नवी ओळ वाचून दाखवली म्हणे, आणि ती बाई शिरूरला उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा.

मेहुण्यानं सत्कार ठेवला. तो ठेवणारच होता. सासूबाईंची एकच अट होती, फ्लेक्सवर धड आप्पांचं पाहिजे. समाजमंदिरात खुर्च्या, सतरंजी, माईक. पहिल्या रांगेत तलाठी, कारण तलाठ्यांना मामांनी स्वतः जाऊन बोलावलं होतं. मी मानपत्र लिहिलेलं नव्हतं. खिशात होतं, पण लिहिलेलं नव्हतं असंच सांगायचं ठरलं होतं.

सूत्रसंचालक मेहुण्याचा मित्र. त्याच्याकडं सगळ्या सत्कारांची एकच ठरलेली यादी असते आणि तो ती वाचतो. दीपप्रज्वलन झालं, एक शेर झाला, आणि त्यानं जाहीर केलं, "आता ज्येष्ठांच्या चरणी कृतज्ञता म्हणून मुलगी आणि जावई पाद्यपूजन करतील!"

मेहुण्याचा चेहरा पडला. या घरात आजवर कधीच पाद्यपूजन होऊ दिलं नव्हतं. मामांच्या साठीला नाही, नातवाच्या मुंजीत नाही. सासूबाई दर वेळी शुगर पुढं करायच्या. आता ताम्हण आलं होतं, तांब्या आला होता, लोकांनी मोबाईल वर धरले होते. मामा खुर्चीत ताठ बसलेले, छातीवर ते एकच पदक, पायांत ते बूट. त्यांनी सासूबाईंकडं बघितलं. ज्या बाईनं बोटं लपवली, तिच्या परवानगीशिवाय ती बाहेर काढायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं असावं.

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की लग्नात ज्यांच्यापासून शुगरच्या आड लपवलं त्यांतला एक मी, आणि मला मामांनी सगळं सांगितलंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. एवढी अर्जबाजी झाली, पण सासूबाईंसमोर पदकाचंच बोलणं व्हायचं; ही एक माहिती द्यायची राहिली. मी मराठीचा माणूस, पण त्या वेळी एक धड वाक्य सुचेना. मी खाली सतरंजीवर बसलो आणि मामांच्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागलो.

"काढा," सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या. "वर मेडल लावलंय, मग खाली कशाला झाकायचं."

बूट निघाला, मोजा निघाला. पाय पांढराफटक, इतक्या वर्षांचं ऊन न लागलेला. अंगठा, मग जागा, मग राहिलेली दोन. पुढच्या रांगेतले लोक उठून बघायला लागले. तलाठी तर अर्धे वाकले. बायकोनं पाणी घातलं, मी पाय धुतले. माझ्या लग्नातला हिशेब फिटला, असं माझे चुलते असते तर म्हणाले असते.

"वहिनी," तलाठ्यांनी विचारलंच, "म्हंजे शुगर न्हाई?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. माईक त्यांच्या तोंडाजवळ नव्हता, पण गरजही नव्हती. "बर्फात गेली. वर पहाडात, खेचर काढताना. शुगर मी सांगितली होती, पोरींच्या लग्नापायी. तुमी लिहून घ्या पाहिजे तर. तलाठी हायत ना?"

सगळं समाजमंदिर हसलं. तलाठी हसले नाहीत. त्यांनी उठून पुस्तक मागितलं, नवी ओळ बोट फिरवत वाचली, शिक्का उजेडात धरला, मग पुस्तक बंद करून मामांच्या हातात दोन्ही हातांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी चप्पल विकत घेतली. आयुष्यभराची इच्छा. पण चपलेचा अंगठा धरायला शेजारचं बोट लागतं आणि तेच नाही. रसवंतीपर्यंत ती तीनदा मागं राहिली. आता ते पुन्हा कॅनव्हासचे बूट घालतात, फक्त बाकावर बसलं की काढून ठेवतात आणि पाय समोर पसरतात. येणारा-जाणारा बघतो, विचारतो. मामा सांगतात. खेचरापासून सुरुवात करतात.

मागच्या महिन्यात मी बरोबर होतो. तलाठ्यांनी रसवंतीवाल्याला हाक मारली, "फौजीला पूर्ण गिलास दे रं. भरून." मामांचा चेहरा खुलला. तेवढ्यात तलाठी पुढं म्हणाले, "आन् बर्फ नको टाकू बाबा. बर्फानं लई भोगलंय त्यांनी."

मामांना बर्फ घातलेलाच रस आवडतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तलाठ्यांकडं बघितलं, आणि तो कोमट रस शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.